सीआरएम प्रकल्पांचे यशापयश

ग्राहकाची चौकशी, खरेदी, तक्रार आणि पुढचा पाठपुरावा एकाच ठिकाणी नोंदवणाऱ्या संगणकप्रणालीला ग्राहकसंबंध व्यवस्थापन प्रणाली, व्यवहारात सीआरएम, म्हणतात. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील सीबेल सिस्टिम्सने ती मोठ्या कंपन्यांत रुजवली. १९९९ मध्ये निघालेल्या सेल्सफोर्सने ती इंटरनेटवरून वर्गणीने द्यायला सुरुवात केली आणि पुढे झोहोसारख्या भारतीय कंपनीमुळे ती लहान धंद्यांच्याही आवाक्यात आली. असे प्रकल्प फसतात तेव्हा बहुतेक वेळा सॉफ्टवेअर ठीकच असते. माणसांवर पडणारे काम कोणी मोजलेले नसते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ब्रिटनमधले आहे. बीस्कायबी या उपग्रह दूरचित्रवाणी कंपनीने २००० साली स्कॉटलंडमधील ग्राहकसेवा केंद्रांच्या सीआरएमचे काम ईडीएस या संगणकसेवा कंपनीला दिले. नऊ महिन्यांत प्रणाली सुरू करू, असे ईडीएसने सांगितले होते. अंदाजपत्रक सुमारे ४.८ कोटी पौंडांचे होते. वेळापत्रक कोलमडले, २००२ मध्ये बीस्कायबीने काम स्वतःकडे घेतले, ते पुरे व्हायला २००६ उजाडले आणि खर्च २६ कोटी पौंडांपलीकडे गेला. बीस्कायबीने ईडीएसवर खटला भरला. त्यात ईडीएसच्या एका महत्त्वाच्या साक्षीदाराची एमबीए पदवी खोटी निघाली. ती देणाऱ्या त्याच संस्थेतून बीस्कायबीच्या वकिलांनी लुलू नावाच्या कुत्रीसाठी पदवी मिळवून दाखवली. तिला गुणही साक्षीदारापेक्षा जास्त होते. लंडनच्या उच्च न्यायालयाचा जानेवारी २०१० मधील निकाल मात्र पदवीवर थांबला नाही. किती वेळ लागेल याचा नीट अभ्यास न करताच ईडीएसने तो केल्याचे भासवून मुदत दिली, ही फसवणूक ठरली. करारात नुकसानभरपाईला ३ कोटी पौंडांची मर्यादा होती, पण फसवणुकीला तिचे संरक्षण मिळत नाही. अखेर ३१.८ कोटी पौंडांवर तडजोड झाली.

लहान कार्यालयात न्यायालयापर्यंत काही जात नाही, पण चूक तीच होते. विक्री प्रतिनिधी दिवसभर दुचाकीवर फिरून सात-आठ गिऱ्हाइकांना भेटतो. रात्री घरी आल्यावर प्रत्येक भेटीचे पंधरा रकाने भरणे हे त्याच्यासाठी जादा काम, आणि ते कोणाच्याच हिशेबात नसते. मग महिनाअखेरीस आठवेल तसे भरले जाते. त्याला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. जुन्या एक्सेलमधली नावे न तपासता प्रणालीत ओतली, तर घोळ आणखी वाढतो: चौधरी हे आडनाव रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे एकच ग्राहक चार नावांनी नांदू लागतो, आणि तक्रार एका नावावर तर उधारी दुसऱ्या नावावर राहते.

यशस्वी प्रकल्पांत भरणाऱ्यालाच आधी काहीतरी परत मिळते. दुकानाच्या पायरीवर उभे राहून फोन उघडला की मागची ऑर्डर, थकलेले बिल, न सुटलेली तक्रार समोर दिसते. मग नोंद करायला सांगावे लागत नाही. रकाने मोजके ठेवणे, एकाच विभागापासून सुरुवात करणे, नावांची सफाई आधी उरकणे, हे त्यामागोमाग येते. वरिष्ठांची सवयही तितकीच निर्णायक असते. सोमवारच्या बैठकीत साहेबांनी आकडे प्रणालीतूनच पाहिले, तर लोक ती वापरतात. त्यांनी ‘तेवढी एक्सेल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा’ म्हटले, की त्या आठवड्यापासून नोंदी थांबतात.