गेमिंग संगणकाचा पॉवर सप्लाय

सॉकेटमधून येणारी एसी वीज घेऊन तिचे संगणकाच्या सुट्या भागांना लागणाऱ्या कमी व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करणारा पत्र्याचा डबा म्हणजे पॉवर सप्लाय, म्हणजेच बोलण्यातला एसएमपीएस (स्विच मोड पॉवर सप्लाय). नावातल्या ‘स्विच मोड’ या शब्दांतच त्याची रीत आहे. आलेली वीज आधी डीसी केली जाते, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरांनी तिचे तुकडे पाडले जातात आणि छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून ती खाली उतरते. तुकडे इतके झपाट्याने पडतात म्हणूनच मुठीत मावणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर काम भागते. डब्याची मापे, जोडण्या आणि व्होल्टेज ठरवणारा एटीएक्स हा आराखडा इंटेलने 1995 मध्ये आणला आणि सुधारणा होत होत तोच आजही चालतो.

डब्यातून 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या मुख्य रेल, म्हणजे ठरावीक व्होल्टेजच्या वाटा, बाहेर पडतात. यातली 12 व्होल्टची रेल गेमिंग संगणकाचा खरा आधार, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज तिच्यातूनच ओढतात. त्यामुळे खोक्यावरच्या ठळक आकड्याआधी डब्याच्या बाजूला चिकटवलेला तक्ता वाचावा. समजा खोक्यावर 500 वॉट छापले आहे आणि तक्त्यात 12 व्होल्टखाली 25 अँपिअर. गुणाकार येतो 300 वॉट. उरलेले 200 वॉट 5 आणि 3.3 व्होल्टवर दाखवले आहेत, तिथे आजच्या संगणकाला त्यांचा फारसा उपयोग नाही. चांगल्या 500 वॉटच्या सप्लायमध्ये 12 व्होल्टच्या रकान्यात 40 अँपिअरच्या आसपास आकडा सापडतो. एवढी एक पाहणी केली तरी निम्मा कचरा बाजूला होतो.

किती वॉटचा घ्यावा, याचा हिशेब अवघड नाही. 300 वॉटचे कार्ड, भर कामात 150 वॉट घेणारा प्रोसेसर आणि मदरबोर्ड, मेमरी, ड्राइव्ह, पंखे मिळून 75 वॉट धरले तर बेरीज 525 होते. अशा जोडणीला 750 वॉटचा सप्लाय ऐसपैस होतो. हजार वॉटचा घेऊन बिघडत काही नाही, पण वाढीव पैसे आकड्यापेक्षा दर्जात घातलेले बरे.

बेरजेच्या वर जागा सोडण्याचे खरे कारण क्षणिक उसळी हे आहे. ग्राफिक्स कार्डचा सरासरी वापर 300 वॉट असला तरी मिलिसेकंदाहून लहान काळात ते त्याच्या दुप्पट मागू शकते. खेळ ऐन रंगात असताना संगणक फटकन बंद पडतो आणि पुन्हा सुरू केला की शहाण्यासारखा चालतो, तेव्हा दोष बहुधा कार्डावर ढकलला जातो. प्रत्यक्षात अनेकदा अशा उसळीला अतिभार समजून सप्लायच्या संरक्षक मंडलाने वीज तोडलेली असते. 2022 च्या एटीएक्स 3.0 आराखड्यात याची दखल घेतली गेली. ग्राफिक्स कार्डासाठीच्या नव्या 16 पिनी जोडणीचे, 450 वॉटवरचे सप्लाय 100 मायक्रोसेकंदांपर्यंत आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार झेलू शकले पाहिजेत, अशी अट त्यात आहे.

खरेदीत सर्वांत जास्त भाव खाणारा आणि सर्वांत जास्त गैरसमजाचा धनी म्हणजे 80 प्लसचा बिल्ला. 2004 मध्ये सुरू झालेल्या या प्रमाणपत्राला पुढे ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि टायटॅनियम अशा पायऱ्या जोडल्या गेल्या. बिल्ला कार्यक्षमता सांगतो. सप्लायने संगणकाला 450 वॉट दिले आणि कार्यक्षमता 90 टक्के असेल, तर सॉकेटमधून 500 वॉट ओढले जातात आणि 50 वॉट डब्यातच उष्णता होऊन राहतात. विजेची बचत, कमी उष्णता, शांत पंखा हे सगळे त्यातून मिळते. विश्वासार्हता मात्र बिल्ला मोजत नाही. विजेत थरथर किती उरते, संरक्षण वेळेवर काम करते का, हे त्या चाचणीत येत नाही; शिवाय चाचणी 23 अंश सेल्सिअसला होते आणि कॅबिनेटमधली हवा त्याहून बरीच तापलेली असते. गोल्ड मिळवणाऱ्या कंपन्या सहसा आतला मालही बरा घालतात, एवढा अंदाज बांधता येतो. त्यापलीकडे भरवसा ठेवायचा तो डबा उघडून, भार लावून केलेल्या स्वतंत्र परीक्षणांवर. सायबेनेटिक्स या चाचणी संस्थेच्या प्रमाणपत्रात कार्यक्षमतेबरोबर आवाजाचीही वेगळी श्रेणी मिळते.

रिपल म्हणजे डीसी विजेवर उरलेली बारीक थरथर. 12 व्होल्टच्या रेलवर तिची कमाल मर्यादा 120 मिलिव्होल्ट आहे. उत्तम सप्लाय तिच्या बऱ्याच खाली राहतात. साधा मल्टिमीटर 12.05 असा निर्मळ आकडा दाखवतो आणि थरथर लपून राहते. ती पाहायला व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप लागतो. व्होल्टेज स्वतः 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे 11.4 ते 12.6 च्या दरम्यान राहायला हवे.

थरथर दाबण्याचे काम कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून सोडणारे भाग, करतात, आणि सप्लायचे म्हातारपणही बहुधा तिथूनच सुरू होते. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्राव उष्णतेने हळूहळू सुकतो. तापमान 10 अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट, असा ठोकताळा आहे. म्हणून 85 ऐवजी 105 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले कपॅसिटर असलेला सप्लाय निवडावा. निचिकॉन, रुबिकॉन, निप्पॉन केमी-कॉन या जपानी नावांना जाहिरातीत मान आहे तो यामुळेच, पण एका चांगल्या कपॅसिटरच्या नावावर अख्खा डबा पास करू नये. डबा हातात तोलून पाहण्याची जुनी सवयही अर्धीच खरी: हलका असेल तर शंका घ्यावी, जड असला म्हणून निश्चिंत होऊ नये.

संरक्षणांत शॉर्ट सर्किट, अतिप्रवाह, अतिभार, जास्त व कमी व्होल्टेज आणि अतिउष्णता या सहांची नावे तपशिलात असावीत. सुमार सप्लाय मरताना मदरबोर्ड आणि कार्डालाही सोबत नेऊ शकतो. बरा सप्लाय एकटा जातो. वॉरंटीची मुदतही बोलकी असते. दहा वर्षांची हमी देणारा निर्माता आपल्या मालाबद्दल निदान पैजेला तयार असतो.

ग्राफिक्स कार्डाच्या जोडण्यांमध्ये जुना 8 पिनी पीसीआय एक्सप्रेस प्लग 150 वॉटसाठी, तर नवा 16 पिनी प्लग 600 वॉटपर्यंत. 600 वॉट म्हणजे 12 व्होल्टवर 50 अँपिअर, तेही सहा पिनांतून, प्रत्येकीत आठहून जास्त. एखादी पिन नीट टेकली नाही की तिचा वाटा इतरांवर पडतो आणि प्लास्टिक वितळते; 2022 नंतर अशी उदाहरणे गाजली. 12व्ही-2x6 या सुधारित जोडणीत सेन्स पिना (किती वीज घेता येईल हे कार्डाला कळवणाऱ्या छोट्या पिना) आखूड केल्या, म्हणजे प्लग पुरता बसला नसेल तर कार्डाला वीज मागताच येऊ नये. तरीही प्लग शेवटपर्यंत दाबून फट उरली नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे आणि तोंडाशीच वायर वाकवू नये.

मॉड्युलर सप्लायच्या सुट्या केबल सोयीच्या असतात, पण एका सप्लायची केबल दुसऱ्याला कधीही लावू नये. कॅबिनेटच्या बाजूची टोके सारखी असली तरी डब्याच्या बाजूचा पिनांचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, बदलतो. प्लग सहज बसतो, बटण दाबले जाते आणि ड्राइव्हच्या 5 व्होल्टच्या पिनेवर 12 व्होल्ट पोचतात. त्या ड्राइव्हमधला डेटा बहुतेक वेळा परत येत नाही.