बोटीला ब्रेक नसतो: धक्क्याला लावताना काय होतं आणि ठोकर बसली तर काय करायचं

नवीन बोट चालवणारे लोक मोकळ्या समुद्राला घाबरतात, लाटांना घाबरतात, पण बोटीला ओरखडे आणि तडे पडतात ते बहुतेक वेळा किनाऱ्याजवळ, शेवटच्या वीस-तीस मीटरमध्ये. कारण साधं आहे, बोटीला ब्रेक नसतो. थांबायचं तर इंजिन रिव्हर्समध्ये टाकून उलटा जोर लावायचा, आणि तो जोर लागेपर्यंत बोट जात असते तिकडेच जात राहते, वर वारा आणि पाण्याची ओढ आपापल्या दिशेने तिला ढकलत असतात ते वेगळंच.

आधी थोडं गणित करू, कारण सगळा खेळ तिथेच आहे. समजा नऊ-दहा मीटर लांबीची, ५ टन वजनाची शिडाची बोट आहे. ती १ नॉटने, म्हणजे ताशी १.८५ किलोमीटरने धक्क्याकडे येतेय, माणूस रमतगमत चालतो त्यापेक्षाही कमी वेग. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाच्या निम्मे गुणिले वेगाचा वर्ग, ती इथे येते साधारण ६६० ज्यूल. ६७ किलोचा माणूस एक मीटर उंचीवरून खाली पडला तर जेवढी ऊर्जा असते तेवढी. आता वेग २ नॉट केला तर ऊर्जा दुप्पट नाही तर चौपट होते, २६५० ज्यूलच्या आसपास, आणि ३ नॉटला नऊपट, जवळजवळ ६००० ज्यूल. ३ नॉट सुद्धा बघणाऱ्याला हळूच वाटतात! म्हणून जुने खलाशी सांगतात की ज्या वेगाने धक्क्याला आपटायची तुमची तयारी आहे त्यापेक्षा जास्त वेगाने कधी आत येऊ नका. हे मला डॉकिंगमधलं, म्हणजे बोट धक्क्याला लावण्यातलं, सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं, बाकी सगळं त्याच्यानंतर.

ही ऊर्जा कुठेतरी जिरायला लागते आणि ती किती अंतरात जिरते त्यावर बोटीला किती मार बसणार ते ठरतं. मध्ये चांगला फेंडर, म्हणजे बोटीच्या बाजूला लटकवायची दबणारी गादी, असेल आणि तो १५ सेंटीमीटर दबला तर १ नॉटच्या त्या ठोकरीत सरासरी जोर येतो साधारण ४५० किलो वजनाएवढा, तोही फेंडरच्या रुंदीवर पसरलेला. फेंडर नसेल आणि फायबरचं अंग फक्त दीड सेंटीमीटर आत दबलं तर तोच जोर साडेचार टनाएवढा होतो, आणि समोर धक्क्याचा कोपरा किंवा लोखंडी बोल्ट असेल तर तो सगळा एका छोट्या ठिकाणी बसतो. आपल्याकडे धक्क्यांवर आणि फेरी लाँचवर जुने टायर लटकवलेले असतात ते याचसाठी, काळे डाग पडतात खरे पण काम चोख करतात, डाग नको असतील तर टायरला जाड कापड गुंडाळा. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो, बोट आपटतेय असं दिसलं की माणूस आपोआप पाय किंवा हात मध्ये घालतो, ते कधीही करू नका. ५ टन पायाने थांबत नाहीत, हाड मोडतं. शंभर तडे परवडले, फायबर भरून काढता येतं.

आता बोट वळते कशी ते बघा, कारण गाडी चालवायची सवय इथे नडते. गाडीची पुढची चाकं वळतात आणि मागचा भाग मुकाट मागून येतो. बोटीचं सुकाणू मागे असतं, म्हणून वळताना आधी मागचं टोक बाहेर जातं. पुढे जात असताना बोट ज्या बिंदूभोवती फिरते तो पुढच्या टोकापासून साधारण एक तृतीयांश लांबीवर असतो, रिव्हर्समध्ये तोच बिंदू मागे सरकतो. याचा अर्थ असा की बोट धक्क्याला अगदी चिकटून जातेय आणि तुम्ही घाबरून धक्क्यापासून लांब वळवलं तर पुढचं टोक सुटतं पण मागचं टोक धक्क्यावर जाऊन आदळतं. मागच्या कोपऱ्यावरचे कितीतरी तडे असेच पडलेले असतात. शिवाय सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच सुकाणू काम करतं. वेग अगदी कमी झाला आणि इंजिन न्यूट्रलमध्ये असलं की चाक कितीही फिरवा, बोट ऐकत नाही. अशा वेळी आधी सुकाणू वळवायचं आणि मग एक-दोन सेकंद पुढचा गिअर टाकून लगेच काढायचा, इंजिनाच्या पंख्याचं पाणी सुकाणूवर आदळतं आणि बोटीचा वेग फारसा न वाढता मागचं टोक सरकतं. आउटबोर्ड इंजिन असेल तर सुकाणूच नसतं, पंखाच वळतो, त्यामुळे न्यूट्रलमध्ये दिशा जवळपास हातात राहतच नाही.

पंख्याची आणखी एक गंमत आहे. समजा मागून बघितलं तर पुढे जाताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा पंखा आहे, रिव्हर्स टाकला की तो उलटा फिरतो आणि पाणी पुढे, बोटीच्या तळाखाली ढकलतो. ते पाणी सरळ जात नाही, पिळे घेत जातं आणि उजव्या बाजूच्या बुडाला जास्त आपटतं, शिवाय पंख्याचा दांडा थोडा तिरका असतो त्याचाही वाटा असतोच, आणि परिणाम म्हणून मागचं टोक डावीकडे ओढलं जातं. अशी बोट डाव्या बाजूने धक्क्याला लावणं सोपं, कारण थांबायला रिव्हर्स दिला की मागचं टोक आपणहून धक्क्याकडे येतं. आपल्या बोटीचं काय आहे ते कळायला बोट घट्ट बांधलेली असतानाच थोडा रिव्हर्स द्या आणि खाली बघा, ज्या बाजूला पाणी जास्त खळबळतंय त्याच्या विरुद्ध बाजूला मागचं टोक जाणार.

वाऱ्याचं गणितही वर्गाचंच आहे. शिडं उतरवलेली असली तरी बोटीचा पाण्यावरचा भाग, केबिन, डोलकाठी मिळून समजा १५ चौरस मीटर वाऱ्याला आडवं येतं, तर १५ नॉटच्या वाऱ्यात साधारण ५५ किलो वजनाएवढा जोर बाजूने लागतो, ३० नॉटला चौपट. ५५ किलो दोन माणसं दोरीने ओढून धरू शकतात, सव्वादोनशे किलो नाही. म्हणून वारा आणि पाण्याची ओढ यातलं जे जास्त जोरात असेल त्याच्या समोरून यायचं, म्हणजे ते तुमच्यासाठी ब्रेकचं काम करतं. पाठीवर वारा घेऊन आत शिरायची वेळ आली आणि जागा अरुंद असेल तर सरळ बाहेर पडा, एक चक्कर मारून परत या किंवा दुसरी जागा बघा. त्यात कमीपणा काही नाही.

दोऱ्यांपैकी पहिली बांधायची ती मधली स्प्रिंग, बोटीच्या मध्यापासून धक्क्यावर मागच्या बाजूला जाणारी. ती एकदा बांधली आणि इंजिन अगदी हळू पुढच्या गिअरमध्ये ठेवलं की बोट पुढे जाऊ शकत नाही, तो जोर बोटीला धक्क्याला चिकटवून ठेवतो, मग बाकीच्या दोऱ्या निवांत बांधा. दोरी नायलॉनची असावी कारण ती ताणली की लांबते आणि झटका स्वतःत घेते, डायनीमासारखी न ताणणारी दोरी धक्क्याला बांधायला चुकीची. आणि मुंबईसारख्या ठिकाणी भरती-ओहोटी विसरून चालत नाही, उधाणाच्या दिवसांत पाणी पाच मीटरच्या आसपास वरखाली होतं. पॉन्टूनला, म्हणजे तरंगत्या धक्क्याला, बांधलं तर तो बोटीबरोबर हलतो, पण पक्क्या दगडी धक्क्याला आखूड दोऱ्यांनी बांधून निघून गेलात तर ओहोटीला बोट दोऱ्यांवर लटकते किंवा कुठल्यातरी पायरीवर टेकून कलंडते. गेटवेजवळच्या बऱ्याच हौशी बोटी पाण्यात बोयाला, म्हणजे तळाशी नांगरलेल्या तरंगत्या खुणेला, बांधलेल्या असतात आणि माणसं छोट्या होडीने ये-जा करतात, त्यात ही कटकट राहत नाही.

एवढं करूनही ठोकर बसते. बसली की आधी माणसं बघायची, मग पाणी आत येतंय का ते, आणि ओरखड्याकडे सगळ्यात शेवटी. बोटीच्या तळाच्या फळ्या उचलून खाली हात घाला, पाणी लागलं तर चव घ्या, खारं आहे का बघा. भोक वॉटरलाइनच्या, म्हणजे बोटीच्या अंगावर पाणी जिथपर्यंत येतं त्या रेघेच्या, खाली असेल तर पाणी किती वेगाने येतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो. ६० सेंटीमीटर खोलीवर ५ सेंटीमीटर व्यासाचं भोक घ्या, त्यातून सेकंदाला साधारण ४ लिटर पाणी येतं, तासाला १४ हजार लिटरच्या वर. छोट्या बोटींवरच्या इलेक्ट्रिक पंपावर बऱ्याचदा तासाला २००० लिटर लिहिलेलं असतं आणि पाणी उंच चढवायचं असल्याने प्रत्यक्षात तो त्याहून कमीच काढतो. म्हणजे नुसत्या पंपाच्या भरवशावर राहणं म्हणजे बोट घालवणं. पण हेच गणित मदतही करतं. पाण्याचा वेग खोलीच्या वर्गमुळावर अवलंबून असतो, तेच भोक १५ सेंटीमीटरवर आलं तर येणारं पाणी निम्मं होतं, म्हणून सगळी माणसं आणि जड सामान दुसऱ्या बाजूला नेऊन बोट कलती करायची, जमलं तर भोक पाण्याच्या वर आणायचं. आणि भोकात काहीही कोंबा, उशी, कपडे, लाकडी खुंटी.

बाहेरून काही लावता आलं तर फारच उत्तम, कारण पाण्याचा दाबच ते आत दाबून धरतो. जून १७७० मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकचं एंडेव्हर जहाज ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर चढलं तेव्हा खलाशांनी हेच केलं, शिडाच्या कापडावर लोकर आणि दोऱ्यांचे तुकडे लावून ते जहाजाच्या खालून ओढलं आणि पाण्याने ते भोकात खेचून घेतलं. पुढे जहाज किनाऱ्यावर घेतल्यावर दिसलं की प्रवाळाचा एक मोठा तुकडा भोकातच अडकून बसला होता, त्यानेही पाणी अडवून धरलेलं. बोट बुडायची भीती असेल तर व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल १६ वर मेडे, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, द्या, लाज वाटायचं कारण नाही. आणि आपली बोट दुसऱ्याच्या बोटीला लागली असेल तर मालकाला सांगा, फोटो काढा, नंबर ठेवून जा. आपल्याला जो बारीक चरा दिसतो त्याच्या आत काय झालंय ते बाहेरून कळत नाही, आणि त्या माणसाला माहीतच नसेल तर तो ती बोट तशीच समुद्रात घेऊन जाणार.

आत काय होतं ते समजायला फायबरची रचना माहीत पाहिजे. बाहेर जेलकोट असतो, साधारण अर्धा मिलिमीटर जाड, रंगीत आणि चकचकीत, पण त्यात काचेचे धागे नसतात म्हणून तो ठिसूळ. त्याच्या आत काचेच्या धाग्यांचे थर, रेझिनमध्ये, म्हणजे सुकून टणक होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवून घट्ट केलेले, ताकद सगळी यांची. ठोकर बसली की अंग आत वाकतं, धागे ते सोसून परत जागेवर येतात पण जेलकोट वाकत नाही, तो तडकतो. तडे चांदणीसारखे एका बिंदूतून बाहेर जाणारे असतील तर तिथे एका ठिकाणी मार बसलाय, आणि शेजारी-शेजारी समांतर असतील तर तो भाग वारंवार वाकतोय असं समजायचं. पण खरी काळजीची गोष्ट आत असते, थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात आणि वरून एक केसाएवढी रेघ दिसते. ते ओळखायला प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने किंवा नाण्याने ठोकत जायचं, चांगल्या भागाचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. जिथून आवाज बदलतो तिथे पेन्सिलने खूण करा, बहुतेक वेळा तो भाग दिसणाऱ्या तड्यापेक्षा बराच मोठा निघतो.

काही बोटींत दोन फायबरच्या थरांमध्ये लाकडाचा किंवा फोमचा गाभा असतो, हलकं आणि ताठ अंग मिळतं. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची शिडाची बोट म्हादेई लाकडी गाभ्याचीच आहे, आणि तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, तेव्हा गाभा असणं म्हणजे कमजोरी अजिबात नाही. फक्त तड्यातून पाणी गाभ्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. लाकूड ओलं झालं की कुजतं, वरचा थर सुटतो आणि चार इंचाचं काम चार फुटांचं होतं. गाभा नसला तरी वॉटरलाइनखालचा तडा उघडा ठेवणं वाईटच, पाणी आत झिरपून रेझिनमधले काही घटक विरघळवतं, ते आंबट दाट पाणी ऑस्मोसिसने बाहेरचं आणखी पाणी ओढतं आणि जेलकोटवर फोड येतात. फोड फोडला तर व्हिनेगरसारखा वास येतो. गोड्या पाण्यात हे समुद्रापेक्षा लवकर होतं, कारण आतलं आणि बाहेरचं पाणी यांच्या दाटपणातला फरक तिथे जास्त असतो.

दुरुस्तीत लोक सगळ्यात जास्त फसतात ते भोक नुसतं पुटीने बुजवून वर रंग मारण्यात. जुना फायबर पूर्ण घट्ट झालेला असतो, नवीन रेझिन त्याच्याशी रासायनिक रीतीने एकजीव होत नाही, फक्त चिकटतं, म्हणून चिकटायला जागा भरपूर द्यावी लागते. नेहमीचं प्रमाण १२ ला १ चं, म्हणजे अंग ६ मिलिमीटर जाड असेल तर भोकाच्या चारही बाजूंनी ७२ मिलिमीटरपर्यंत उतार घासून काढायचा. ५ सेंटीमीटरच्या भोकासाठी जवळजवळ २० सेंटीमीटरची बशी होते, आणि इतकी चांगली जागा घासताना जीवावर येतं, पण ताकद तिथूनच येते. घासायच्या आधी सॉल्व्हंटने बोटीच्या अंगावरचं मेण पुसून घ्या, नाहीतर ग्राइंडर ते मेण आतच रगडतो. मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय ग्राइंडर सुरूच करू नका, काचेची धूळ फुफ्फुसात जाते.

दुरुस्तीला पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी रेझिन जास्त चांगलं धरतं. दोन्हीत एक मोठा फरक आहे. पॉलिएस्टरमध्ये एक-दोन टक्के कॅटॅलिस्ट टाकतात, त्याने फक्त प्रक्रिया सुरू होते, थोडं कमी-जास्त केलं तर वेळ बदलतो. इपॉक्सीचा हार्डनर मात्र त्या रेणूंच्या जाळ्याचाच भाग होतो, लवकर सुकावं म्हणून जास्त टाकला तर उरलेला हार्डनर तसाच मऊ राहतो आणि काम कच्चं होतं, म्हणून वजन करूनच मिसळा. एका डब्यात खूप कालवू नका, प्रक्रियेत उष्णता निघते, ती बाहेर पडायला जागा मिळाली नाही की डबा धूर सोडायला लागतो, पसरट ट्रेमध्ये ओता. वर जेलकोट लावलात तर तो हवेत चिकटच राहील, ऑक्सिजन त्याचं घट्ट होणं अडवतो, वर प्लास्टिकची फिल्म लावा किंवा मेण मिसळलेला जेलकोट वापरा.

आणि आपल्याकडे एक खास अडचण आहे. कोकण किनाऱ्यावर बोटी वर काढतात त्या पावसाळ्यात, म्हणजे दुरुस्तीला वेळ मिळतो तो नेमका हवेत सगळ्यात जास्त ओल असताना. दमट हवेत इपॉक्सीवर मेणासारखा तेलकट थर येतो, तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर लावला तर थर सुटतात, आणि आतलं ओलं लाकूड त्या हवेत वाळतच नाही. माझं मत स्पष्ट आहे, बंद शेड आणि हवा कोरडी करायचं मशीन असेल तर जुलैत खुशाल काम करा, नसेल तर तोपर्यंत फक्त घासून, उघडं करून, वर ताडपत्री बांधून हवा खेळती ठेवा आणि फायबर ऑक्टोबरचं ऊन पडल्यावरच लावा, सीझनचे पहिले दोन-तीन आठवडे गेले तरी चालतील.