चीनमधील माध्यमिक शाळांतील इंग्रजी वाचन-आकलनाची परीक्षा

पूर्वी न वाचलेला इंग्रजी उतारा विद्यार्थ्याला कितपत समजला, हे पडताळण्याची चीनमधील शालेय पद्धत. तिथे माध्यमिक शिक्षणाचे तीन-तीन वर्षांचे दोन टप्पे आहेत : सातवी ते नववी कनिष्ठ आणि दहावी ते बारावी वरिष्ठ. नववीअखेर झोंगकाओ ही परीक्षा होते. तिच्या गुणांवर कोण वरिष्ठ माध्यमिक शाळेत जाणार आणि कोण व्यवसायशिक्षणाकडे वळणार, हे बरेचसे ठरते. बारावीअखेर गाओकाओ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. दोन्हींच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत वाचनाचे वजन मोठे असल्यामुळे वर्गातल्या घटक चाचण्या आणि सराव परीक्षाही त्याच साच्यावर बेतलेल्या असतात.

सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली गाओकाओ १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा परकीय भाषेला आजचे महत्त्व नव्हते. तिचे गुण एकूण बेरजेत टप्प्याटप्प्याने धरले जाऊ लागले आणि १९८३ मध्ये ते पूर्णपणे धरले गेले. १९८५ मध्ये ग्वांगदोंग प्रांतात नव्या धर्तीची इंग्रजी प्रवेशपरीक्षा वापरात आली. तिच्या उभारणीत ग्वांगझोउ येथील भाषातज्ज्ञ गुई शिचुन आणि ली श्याओजू यांचा मोठा वाटा होता. व्याकरणाचे नियम पाठ आहेत की नाहीत यापेक्षा विद्यार्थ्याला भाषा वापरता येते का, हे तपासावे आणि परीक्षेच्या रेट्याने शिकवण्याची रीतही बदलावी, असा त्यामागचा हेतू होता. त्याचबरोबर लाखो उत्तरपत्रिका एकाच मापाने तपासायच्या होत्या. बहुपर्यायी प्रश्नाने दुसरी गरज उत्तम भागवली. पहिल्या हेतूचे काय झाले, हा वाद आजही मिटलेला नाही.

२००१ च्या अभ्यासक्रमाने इंग्रजी तिसरीपासून सुरू करण्याचे धोरण आखले. २०११ च्या सुधारित आराखड्यात नववीअखेर सुमारे १,५०० ते १,६०० शब्द यावेत आणि पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन दीड लाख शब्दांच्या पुढे जावे, अशी अपेक्षा मांडली होती. वाचनाची ही अपेक्षा रास्त आहे, पण ती पुस्तकांच्या उपलब्धतेवर अवलंबून आहे. मोठ्या शहरातल्या शाळेत इंग्रजी गोष्टींची कपाटे भरलेली असतात; दुर्गम खेड्यातल्या मुलाच्या हाती बहुधा पाठ्यपुस्तक आणि सरावसंच एवढेच येते. उतारा मात्र दोघांसमोर एकच असतो.

झोंगकाओची प्रश्नपत्रिका प्रांत किंवा शहराच्या पातळीवर निघत आल्यामुळे तिचे एकूण गुण आणि रचना ठिकठिकाणी वेगळी दिसते. गाओकाओचा साचा अधिक ठरीव आहे. नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेत इंग्रजीचे १५० पैकी ५० गुण वाचनाला आहेत. चार उताऱ्यांवर १५ प्रश्न येतात आणि प्रत्येकाला अडीच गुण असतात. त्यानंतरच्या पाचव्या उताऱ्यातून पाच वाक्ये काढलेली असतात आणि खाली दिलेल्या सातांतून योग्य ती निवडून जागी बसवायची असतात. दोन वाक्ये उरतात, त्यामुळे नुसत्या वजाबाकीने शेवटचे उत्तर हाती लागत नाही. आधीच्या वाक्यातले सर्वनाम कोणाकडे बोट दाखवते, ‘तरीही’ किंवा ‘म्हणून’ कुठे शोभेल, हे पाहावे लागते. संपूर्ण प्रश्नपत्रिकेत परिच्छेदाची वीण तपासणारा इतका चांगला प्रश्न दुसरा नाही.

चार उताऱ्यांपैकी पहिला बहुधा सोपा असतो : जाहिरात, सहलीची माहिती, संग्रहालयाची सूचना. समजा, सूचनेत प्रौढांचे तिकीट, विद्यार्थ्यांची सवलत आणि रविवारची वेळ दिली आहे. आई-वडिलांसोबत आलेल्या विद्यार्थ्याच्या कुटुंबाला एकूण किती पैसे पडतील, असा प्रश्न येतो. माहिती शोधली की काम झाले. पुढच्या उताऱ्यांत कथन, वैज्ञानिक माहिती, मतप्रतिपादन येते आणि प्रश्नही अवघड होत जातात : अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भाने ओळखणे, न लिहिलेले अनुमान काढणे, लेखकाचा कल सांगणे, शीर्षक निवडणे. अभ्यासक्रमाबाहेरचा एखादा शब्द अडू नये म्हणून त्याच्यापुढे कंसात चिनी अर्थ छापण्याची पद्धत आहे.

प्रश्न रचणाऱ्याची खरी कसोटी चुकीच्या पर्यायांत लागते. उताऱ्यातलेच शब्द उचलून अर्थ किंचित फिरवलेला पर्याय घाईने वाचणाऱ्याला हमखास चकवतो. उलट, एकच पर्याय शहाणासुरता दिसत असेल तर उतारा न वाचताही उत्तर देता येते, आणि मग तो प्रश्न वाचनाचा राहत नाही. चार पर्यायांत आंधळ्या अंदाजालाही चारात एक संधी असते. अमुक प्रश्न ‘अनुमानाचा’ आणि तमुक ‘तपशिलाचा’ ही विभागणीही वाटते तितकी पक्की नाही. एखादा प्रश्न नेमके कोणते कौशल्य तपासतो यावर जाणकार परीक्षकांचेही एकमत होत नाही, असे ब्रिटिश परीक्षणतज्ज्ञ जे. चार्ल्स ऑल्डर्सन यांना आढळले होते. चिनी शिकवण्या मात्र याच विभागणीवर उभ्या आहेत. आधी प्रश्न वाचा, त्यातल्या मुख्य शब्दाखाली रेघ मारा, तो शब्द उताऱ्यात शोधा, हा क्रम मुलांच्या अंगवळणी पडतो. भाषापरीक्षणाच्या अभ्यासक ची लुश्या यांनी गाओकाओतील इंग्रजी परीक्षेचा अध्यापनावरील परिणाम अभ्यासला. निवड करण्यासाठी घेतलेल्या परीक्षेकडून अध्यापन सुधारण्याची अपेक्षा फळाला आली नाही, असे त्यांनी दाखवून दिले.

चिनी मुलाला इंग्रजी वाक्यात जी अडचण येते, ती मराठी वाचकाला चटकन कळेल. ‘मी काल वाचलेले पुस्तक’ असे आपण म्हणतो, तसेच चिनीतही विशेषण-वाक्य नामाच्या आधी येते. इंग्रजीत ते नामानंतर लांबत जाते, आणि मुख्य क्रियापद हाती येईपर्यंत कर्ता विसरायला होतो. चिनी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि क्रियापदाला काळानुसार प्रत्यय लागत नाहीत, याचीही भर पडते. त्यामुळे कमी गुण मिळाले तर आकलन कच्चे की वाक्यरचनेचा सराव कच्चा, हे केवळ आकड्यावरून ओळखता येत नाही.

२०१६ मध्ये झेजियांग प्रांतात सुरू झालेला आणि पुढे नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकांत आलेला प्रश्नप्रकार या कोंडीतून वाट काढू पाहतो. सुमारे ३५० शब्दांची अपुरी गोष्ट द्यायची, पुढच्या दोन परिच्छेदांची पहिली वाक्ये द्यायची आणि सुमारे १५० शब्दांत ती पुरी करून घ्यायची. त्याला २५ गुण असतात. पात्रांचा स्वभाव आणि घटनांचा ओघ ज्याला कळला नाही, त्याची गोष्ट लगेच भरकटते. म्हणून वाचन खरोखर झाले की नाही, हे इथे कागदावर दिसते. हा लिखित भाग यंत्राऐवजी माणसे तपासतात आणि एक उत्तर दोन परीक्षकांकडे स्वतंत्रपणे जाते. तरीही भीती, आनंद, अश्रू यांची तयार इंग्रजी वाक्ये पाठ करून घेणारे सरावसंच आता शिकवण्यांत फिरू लागले आहेत.