तृतीय श्रेणी अमेरिकन फुटबॉल व स्टॅग बोल

अमेरिकेतील लहान महाविद्यालये व विद्यापीठे यांच्यात दर वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात खेळला जाणारा अमेरिकन फुटबॉलचा हंगाम आणि त्यानंतरची राष्ट्रीय अजिंक्यपदाची बाद फेरी. या बाद फेरीचा अंतिम सामना ‘स्टॅग बोल’ या नावाने ओळखला जातो. येथे अभिप्रेत असलेला फुटबॉल हा प्रत्येकी अकरा खेळाडूंच्या दोन संघांनी लंबगोल चेंडूने खेळावयाचा, शिरस्त्राण व खांद्यावरील कवच घालून भिडण्याचा खेळ असून, आपल्याकडे त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळाशी त्याचा संबंध दूरचाच आहे.

राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने (एनसीएए) 1973 मध्ये आपल्या सभासद संस्थांची तीन श्रेणींत विभागणी केली. त्यांपैकी तृतीय श्रेणीचा कणा असलेला नियम असा, की केवळ खेळातील कौशल्यासाठी कोणालाही शिष्यवृत्ती देता येत नाही. गुणवत्तेनुसार किंवा कौटुंबिक उत्पन्नानुसार इतर विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य खेळाडूंनाही मिळते आणि बहुसंख्यांना ते मिळतेही. परंतु चेंडू दूरवर फेकता येतो म्हणून शुल्क माफ होत नाही. म्हणून या श्रेणीचा गौरव ‘निव्वळ खेळाच्या प्रेमाचा फुटबॉल’ असा केला जातो. तो खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. शंभर किंवा त्याहून अधिक खेळाडूंचा ताफा बाळगणाऱ्या लहान खाजगी महाविद्यालयाच्या दृष्टीने हा संघ म्हणजे शुल्क भरणारे शंभर विद्यार्थी असतात. प्रवेशसंख्या रोडावत असताना काही संस्थांनी बंद पडलेला फुटबॉल पुन्हा सुरू केला किंवा तो नव्याने उभारला, त्यामागे मैदानाइतकाच प्रवेश कार्यालयाचा हिशेब होता.

सुमारे 240 संस्था या श्रेणीत फुटबॉल खेळतात. साखळी हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारणतः दहा सामने येतात आणि त्यांतील बहुतेक आपल्याच ‘कॉन्फरन्स’मधील, म्हणजे प्रादेशिक गटातील, संघांशी होतात. अनेक महाविद्यालयांत हंगामाचे यश अजिंक्यपदावर नव्हे, तर एका ठरावीक प्रतिस्पर्ध्यावर मोजले जाते. इंडियाना राज्यातील वॉबश व डीपॉ यांची गाठ 1890 पासून पडत आली असून, 1932 पासून विजेत्याला मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरील घंटा मिळते. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्टलंड व इथाका यांच्यात ‘जग’ या एका साध्या भांड्यासाठी लढत होते. 2019 मध्ये ती न्यू जर्सीतील मेटलाइफ स्टेडियमवर झाली, तेव्हा 45,161 प्रेक्षक जमले होते. तृतीय श्रेणीच्या कोणत्याही सामन्याला त्याआधी एवढी गर्दी झाली नव्हती. विल्यम्स, ॲमहर्स्ट इत्यादी न्यू इंग्लंडमधील जुन्या महाविद्यालयांचा गट तर दीर्घकाळ बाद फेरीपासून स्वेच्छेने दूर राहिला. आपसातले सामने संपले की त्यांचा हंगाम संपे.

बाद फेरीची सुरुवात 1973 मध्ये अवघ्या चार संघांनिशी झाली आणि विटेनबर्ग विद्यापीठाने जुनियाटाचा 41–0 असा पराभव करून पहिले अजिंक्यपद मिळवले. पुढे संघांची संख्या 1975 मध्ये आठ, 1985 मध्ये सोळा, 1999 मध्ये 28, 2005 मध्ये 32 आणि 2024 मध्ये 40 झाली. गटविजेत्यांना थेट प्रवेश मिळतो व उरलेल्या जागा निवडीने भरल्या जातात. चाळीस संघांच्या रचनेत चोवीस संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. उपांत्य फेरीपर्यंतचे सामने तटस्थ ठिकाणी न होता एका महाविद्यालयाच्या घरच्या मैदानावर होतात, त्यामुळे नोव्हेंबरअखेर ओहायो किंवा विस्कॉन्सिनमध्ये बर्फ झाडून खेळण्याची वेळ अनेकदा येते. प्रवासखर्च हा जोड्या ठरवण्यातला मोठा घटक राहिला आहे. विमानाऐवजी बसने जाता यावे यासाठी सुमारे 500 मैलांची मर्यादा वर्षानुवर्षे पाळली गेली आणि टेक्सस किंवा पश्चिम किनाऱ्यावरील बलाढ्य संघांना त्यामुळे पहिल्याच फेरीत एकमेकांना बाद करावे लागे. गुणवत्तेपेक्षा नकाशाला महत्त्व देणारी ही पद्धत अन्यायाची होती, यात शंका नाही.

अंतिम सामन्याला अमॉस अलॉन्झो स्टॅग (1862–1965) यांचे नाव आहे. त्यांनी 1892 ते 1932 या काळात शिकागो विद्यापीठाच्या संघाला प्रशिक्षण दिले. कधीकाळी देशातील अग्रगण्य मानल्या गेलेल्या त्या विद्यापीठाने 1939 मध्ये फुटबॉल सोडून दिला. स्टॅग यांच्याच नावाच्या मैदानातील प्रेक्षागाराखाली 2 डिसेंबर 1942 रोजी जगातील पहिली कृत्रिम, नियंत्रित अणुशृंखला अभिक्रिया घडवण्यात आली. फुटबॉलकडे परतलेले शिकागो विद्यापीठ आज तृतीय श्रेणीतच खेळते. सामन्याचे ठिकाण अनेकदा बदलले. ॲलाबामातील फीनिक्स सिटीपासून सुरू झालेला हा प्रवास व्हर्जिनियातील सेलम येथे 1993 ते 2017 अशी सलग पंचवीस वर्षे स्थिरावला. करोना साथीमुळे 2020 ची स्पर्धा झाली नाही.

या श्रेणीचा इतिहास समतोल नाही. तो मोजक्या संघांच्या वर्चस्वाचा आहे. इलिनॉयमधील ऑगस्टाना महाविद्यालयाने 1983 ते 1986 अशी सलग चार अजिंक्यपदे जिंकली. त्यानंतरचा मोठा कालखंड ओहायोतील अलायन्स या लहान शहरातल्या माउंट युनियनचा आहे. लॅरी केरेस 1986 ते 2012 पर्यंत तेथे मुख्य प्रशिक्षक होते आणि या काळात त्यांच्या संघाने 332 सामने जिंकले, 24 गमावले व तीन बरोबरीत सोडवले. संस्थेच्या तेरा अजिंक्यपदांपैकी अकरा त्यांच्या कारकिर्दीतली आहेत. सलग 54 विजयांची त्यांची मालिका 1999 मध्ये रोवन विद्यापीठाने खंडित केली. लगेच पुढच्या हंगामापासून सुरू झालेली 55 विजयांची मालिका 2003 च्या स्टॅग बोलमध्ये सेंट जॉन्स विद्यापीठाने 24–6 अशी संपवली. विजेत्या संघाचे प्रशिक्षक जॉन गॅग्लियार्डी होते. सरावात खेळाडूंना जमिनीवर लोळवणे त्यांनी बंद केले होते आणि कोणी आपल्याला ‘कोच’ म्हणून हाक मारलेली त्यांना चालत नसे. असे असूनही 2012 मध्ये निवृत्त होताना त्यांच्या नावावर 489 विजय होते आणि महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये तो उच्चांक ठरला होता.

पुढे 2005 ते 2011 अशी सलग सात वर्षे अंतिम सामन्यात माउंट युनियन व विस्कॉन्सिन–व्हाइटवॉटर हेच दोन संघ समोरासमोर आले; चार वेळा व्हाइटवॉटर आणि तीन वेळा माउंट युनियन विजयी झाले. त्रयस्थ चाहत्यांना या काळाचा कंटाळा आला असल्यास नवल नाही. त्यानंतर इलिनॉयमधील नॉर्थ सेंट्रल महाविद्यालयाने 2019, 2022 व 2024 च्या हंगामांत अजिंक्यपद मिळवले. मधला 2023 चा अंतिम सामना मात्र त्यांनी एका निर्णयावर गमावला. शेवटच्या मिनिटांत टचडाउन करून (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन; त्यानंतर जादा गुणांची एक संधी मिळते) कॉर्टलंडशी 37–38 असे अंतर आणल्यावर, लाथेने मिळणारा एक गुण घेऊन बरोबरी साधण्याऐवजी त्यांनी थेट विजयासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला. तो फसला आणि कॉर्टलंडने आपले पहिले अजिंक्यपद पटकावले.