बिनतारेची ट्राम ठाण्यात किती वीज खाईल?

विसर्जनाच्या मिरवणुकीत उंच मूर्तीच्या पुढे दोघे-तिघे कार्यकर्ते लांब बांबू घेऊन चालतात. रस्त्यावर आडव्या लोंबणाऱ्या केबल ते बांबूच्या बेचक्यात धरून वर उचलतात, मूर्ती खालून सरकते आणि केबल परत खाली येते. ट्रामच्या तारेला हे चालणार नाही. ती रस्त्यापासून साडेपाच-सहा मीटरवर ताणलेली उघडी तांब्याची तार असते आणि तिच्यात बहुतेक शहरांत ७५० व्होल्टचा डीसी दाब असतो. जांभळी नाका, तलावपाळी, गोखले रोड या जुन्या ठाण्यात उद्या ट्राम आणायची म्हटली, तर गणपती, देवीच्या मिरवणुका आणि दहीहंडीचे थर हे सगळं त्या तारेला भिडणार.

मुंबईत विजेची ट्राम १९०७ ते ३१ मार्च १९६४ पर्यंत धावली ती डोक्यावरच्या तारेवर. कोलकात्याची ट्रामही तारेवरचीच. पण तारेला पर्याय शोधणं तितकंच जुनं आहे. लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये दोन रुळांच्या मधोमध रस्त्याला एक फट ठेवत, फटीखालच्या बोगदीत विजेच्या पट्ट्या असत आणि ट्रामखालून उतरलेला फाळ त्यांना घासत जाई. कचरा आणि पाणी हे त्या फटीचे कायमचे शत्रू होते. आज तारेविना ट्राम चालवायचे दोन मुख्य मार्ग आहेत: वीज जमिनीतून घ्यायची, नाहीतर गाडीतच साठवून न्यायची.

जमिनीतून वीज घेण्याची आधुनिक पद्धत २००३ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोत सुरू झाली. दोन रुळांच्या मध्ये रस्त्याच्या पातळीत तिसरा रूळ असतो, पण तो सलग नसतो. ८ मीटरचा वीजवाहक तुकडा, मग ३ मीटरचा निरोधक तुकडा, पुन्हा ८ मीटर अशी त्याची रचना. दर २२ मीटरवर जमिनीत एक पेटी असते आणि ती दोन तुकड्यांना वीज पुरवते. ट्रामखालच्या अँटेनाचा सांकेतिक संदेश मिळाला की पेटी फक्त ट्रामच्या पोटाखालचा तुकडा जिवंत करते. ट्राम पुढे गेली की तो तुकडा परतीच्या, म्हणजे जमिनीच्या दाबाच्या वाहकाला जोडला जातो. त्यामुळे ट्राम गेल्यावर कुणी त्याच रुळावर पाय ठेवला तरी धोका नसतो. एखादी पेटी बिघडली तर तेवढ्या तुकड्यात वीज मिळत नाही आणि ट्राम स्वतःच्या छोट्या बॅटरीवर तो ओलांडते.

सुरुवातीची काही वर्षं बोर्दोला या पेट्यांनी फार छळलं. पेटीत पाणी शिरायचं, नियंत्रण बंद पडायचं, गाड्या अडायच्या. पेट्यांची झाकणं, सील आणि पाण्याचा निचरा सुधारल्यावर ही पद्धत स्थिरावली. पुढे फ्रान्समधल्याच आँजे, रँस आणि बाहेर दुबई, रिओ, सिडनीनेही ती घेतली. दुबईची ट्राम २०१४ पासून पूर्ण मार्गभर अशीच चालते.

दुबई कोरडी आहे हे मात्र विसरून चालणार नाही. ठाण्यात चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जोराच्या सरीला भरती गाठली की वंदना टॉकीजसारख्या सखल जागी पाणी साचतं. नवी मुंबईत प्रश्न आणखी अवघड आहे. तिथली बरीच जमीन भराव टाकून केलेली आणि भरतीच्या पातळीला लागून आहे, म्हणूनच सिडकोनं धारण तलाव बांधले. अशा ठिकाणी जमिनीखालचं पाणी खारट असतं आणि खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं. जिवंत तुकड्याभोवती पाण्याचा पातळ थर पसरला की शेजारच्या रुळाकडे प्रवाह गळतो, पेटीतली सुरक्षा यंत्रणा तो ओळखते आणि तुकडा बंद करते. यंत्रणा अगदी योग्य वागते, पण गाडी उभी राहते. दर २२ मीटरला एक पेटी म्हणजे एका किलोमीटरला सुमारे ४५ पेट्या, प्रत्येक दिशेला वेगळ्या. पावसाळ्याआधी त्या साऱ्या उघडून सील तपासायच्या. हे काम दरवर्षी न चुकता होणार नसेल तर आपल्या पावसात या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग उरतं साठवून नेणं. इथं हिशेब मांडायलाच हवा, कारण अनेकांचा अंदाज चुकतो.

३२ मीटर लांबीची, प्रवाशांनी भरलेली ट्राम सुमारे ६० टनांची धरू. दोन थांब्यांमध्ये ६०० मीटर आणि वेग ताशी ४० किलोमीटर. एवढं वजन उभ्या स्थितीतून त्या वेगाला न्यायला लागणारी ऊर्जा भरते ३.७ मेगाज्यूल, म्हणजे वीजबिलावरच्या भाषेत जेमतेम एक युनिट. रुळावरचं घर्षण लोखंडावर लोखंड असल्यानं फार कमी असतं, ते ६०० मीटरला अर्धं युनिट घेतं. मोटारी आणि इन्व्हर्टरमधला तोटा आणखी थोडा. थांबताना मोटारी जनित्र होतात आणि अर्ध्याहून जास्त ऊर्जा परत देतात. सगळं धरून एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत पळायला निव्वळ सव्वा युनिट पुरतं. चढाचाही अंदाज घ्या: ६ मीटर उंचीच्या उड्डाणपुलावर हीच गाडी चढवायला साधारण एक युनिट, म्हणजे एकदा थांबून निघण्याइतकंच.

आता एसी. मे महिन्याच्या दुपारी भरलेल्या ट्रामचे एसी, पंखे, दिवे, ब्रेकचा कॉम्प्रेसर आणि बाकीची नियंत्रणं मिळून ५० किलोवॅटच्या आसपास घेतात. एक सिग्नल धरून दोन थांब्यांमधला वेळ पावणेदोन मिनिटं पकडला तर तेवढ्यात दीड युनिट गेलं. थोडक्यात, गाडी पळवण्यापेक्षा ती थंड ठेवायला जास्त वीज लागते! आणि गाडी १० मिनिटं कोंडीत अडकली तर ८ युनिटं उभ्या-उभ्या संपतात. तेवढ्या विजेत ती सहा-सात थांबे पळाली असती. म्हणून युरोपातल्या शहरांचा 'तारेविना इतके किलोमीटर' हा आकडा इथं तसाच लावला तर फसगत होते. ठाण्यात साठा मोजायचा तो गाडी किती मिनिटं अडकू शकते त्यावर.

सुपरकॅपॅसिटर हा साठ्याचा एक प्रकार. यात रासायनिक क्रिया होत नाही, सच्छिद्र कार्बनच्या पृष्ठभागावर विद्युतभार चिकटून राहतो, त्यामुळे तो सेकंदांत भरतो आणि सेकंदांत रिकामा होतो. ३००० फॅरडचा एक सेल २.७ व्होल्टला साधारण ३ वॅट-तास धरतो आणि त्याचं वजन अर्धा किलो. दाब निम्म्यावर आला की तीन चतुर्थांश ऊर्जा वापरून झालेली असते. त्याखाली जाण्यात अर्थ नाही, कारण तेवढीच शक्ती मिळवायला प्रवाह दुप्पट लागतो. वापरता येतील अशी ५ युनिटं हवी असतील तर सुमारे २२०० सेल लागतात. नुसते सेलच सव्वा टनाच्या आतबाहेर, आणि चौकट, तारा, थंड करणारी यंत्रणा धरून दोन टन.

चीनमधल्या ग्वांगझूच्या हायझू भागातली ७.७ किलोमीटरची ट्राम २०१४ च्या अखेरीपासून आणि तैवानमधल्या काओशुंगची २०१५ पासून अशीच थांब्याथांब्यावर भरत धावते. सेविया आणि सारागोसा या स्पेनच्या शहरांनी फक्त जुन्या वस्तीपुरती तार काढली. तिथं पोचेपर्यंत गाडी तारेखालीच असते. फ्रान्समधल्या नीसनं २००७ मध्ये दोन चौकांपुरती तार वगळली आणि निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीवर गाडी पार नेली. हा मधला मार्ग मला ठाण्यासाठी सर्वांत शहाणपणाचा वाटतो. घोडबंदर रोडच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात तार लावायला हरकत काय? तिथं गाडी धावता धावता साठा भरेल आणि तलावपाळीच्या गर्दीत पँटोग्राफ, म्हणजे तारेला टेकून वीज घेणारा छतावरचा दांडा, खाली घेऊन शिरेल.

थांब्यावर भरायचंच असेल तर क्रम साधारण असा असतो. गाडी खुणेवर थांबते, ती पूर्ण स्थिर झाल्याची खात्री झाली की पँटोग्राफ वर जाऊन थांब्यावरच्या जाड पट्टीला टेकतो आणि त्यानंतरच पट्टीत वीज सोडली जाते. निघताना उलट क्रम: आधी वीज बंद, मग पँटोग्राफ खाली, आणि तो खाली बसल्याशिवाय चालकाला गाडी हलवता येत नाही. पँटोग्राफच्या चढ-उताराची तीन-चार सेकंदं दोन्हीकडे जातात. २० सेकंदांत साडेतीन युनिटं भरायची म्हणजे ६३० किलोवॅट, ७५० व्होल्टला ८४० अँपिअर. दीड टनाचे घरगुती एसी चारशेच्या वर एकदम सुरू करण्यासारखं. इथं साधी तार चालत नाही. धावत्या गाडीचा स्पर्शबिंदू सतत सरकतो, उभ्या गाडीचा एकाच जागी राहतो, तिथं तांबं तापून मऊ पडतं आणि तार तुटते. म्हणून थांब्यावर जाड ताठ पट्टी आणि पँटोग्राफवर रुंद कार्बनच्या कांड्या. कांडीला तडा गेला तर स्पर्श कमी होतो, ठिणग्या पडतात, आणि पट्टीवर खड्डे दिसू लागले की कांड्या तातडीनं बदलाव्या लागतात.

हा झटका थेट महावितरणच्या वाहिनीला देणंही बरं नाही. थांब्यावरच दुसरा साठा ठेवायचा आणि तो दोन गाड्यांच्या मधल्या वेळात हळूहळू भरायचा. दर चार मिनिटांनी गाडी येत असेल तर सरासरी ५३ किलोवॅट पुरतात. मागणीचा उच्चांक दहा पटींहून जास्त उतरतो आणि त्यावरचा वीजबिलातला आकारही.

थांब्यावर भरण्याचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. तारेवरच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून सबस्टेशनकडे परततो आणि त्यातला काही जमिनीत पाझरतो. ओल्या, खारट जमिनीत तो जवळच्या पाण्याच्या जलवाहिनीत किंवा पुलाच्या सळईत शिरतो, आणि जिथून बाहेर पडतो तिथं लोखंड झिजतं. जुन्या शहरांत जलवाहिन्या फुटण्यामागं हेही एक कारण राहिलेलं आहे. गाडी फक्त थांब्यावर वीज घेत असेल तर मधल्या ६०० मीटरच्या रुळात परतीचा प्रवाहच नसतो. वाशी-बेलापूरसारख्या खाडीकाठच्या जमिनीत हे फार मोलाचं आहे.

उष्णतेचं काय? ट्रामची जमीन रुळापासून जेमतेम ३५ सेंटिमीटर उंच असते, चढायला पायरीच नसते. म्हणून साठा छतावर जातो. तुंबलेल्या पाण्यापासून तो वाचतो, पण थेट उन्हात येतो. सेलचं तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. सुपरकॅपॅसिटर दहा लाख वेळा भरता-रिकामा करता येतो म्हणतात. १८ थांब्यांच्या मार्गावर दिवसाला आठ फेऱ्या जाऊन-येऊन केल्या तर वर्षाला एक लाखाहून जास्त आवर्तनं होतात, म्हणजे साडेनऊ वर्षं. छत पांढरं ठेवणं, साठ्याच्या पेटीला पाण्यानं थंड करणं आणि दाब कमाल मर्यादेच्या थोडा खाली ठेवणं, यांवर ती साडेनऊची पाच होणार की तेवढीच राहणार हे ठरतं.

पावसाची आणखी एक गोष्ट. पहिल्या सरीत रुळावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडा थर होतो. चाकं घसरू लागली की नियंत्रक मोटारीचा ब्रेक हलका करतो, परत येणारी वीज कमी होते, आणि साठा नेमका पावसात लवकर उतरतो. चाकांपुढे वाळू टाकणाऱ्या नळ्या असतात, ती वाळू कोरडी राहायला हवी. दमट होऊन नळी चोंदली तर ऐन वेळी ती निरुपयोगी. आणीबाणीचा रुळाला चिकटणारा चुंबकी ब्रेक मात्र वेगळ्या २४ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, मुख्य साठा संपला तरी तो लागतो. ताशी ४० च्या वेगातून नेहमीच्या ब्रेकनं गाडी ५० मीटरमध्ये थांबते, आणीबाणीत कोरड्या रुळावर साधारण २३ मीटरमध्ये. रस्ता ओलांडणाऱ्यानं हा ५० चा आकडा लक्षात ठेवावा, कारण बिनतारेची ट्राम रिक्षाच्या गोंगाटात ऐकू येत नाही आणि वर तार नसल्यानं इथून ती जाते हेही चटकन कळत नाही. सायकलवाल्यांनी रूळ शक्य तितका काटकोनात ओलांडावा. खोबण चार सेंटिमीटरच्या आसपास असते, स्कूटरचं टायर त्यात बसत नाही, सायकलचं बसतं.

आता जुन्या ठाण्याचा साठा जुळवून पाहू. मिरवणुकीच्या मार्गावर थांब्यांवरही पट्टी नको म्हटलं, तर सलग तीन थांबे भरण्याविना जातील. म्हणजे चार टप्पे, प्रत्येकी पावणेतीन युनिटं: ११. त्यात एकदा १० मिनिटांची कोंडी: ८ युनिटं. एकूण १९. एकटा सुपरकॅपॅसिटर इथं अपुरा आहे. लिथियम टायटनेटची २५ युनिटांची बॅटरी घेतली आणि तिचा ८० टक्केच भाग वापरला तर २० युनिटं हाताशी येतात. तिचं वजन एका टनाच्या आसपास. ती लवकर भरते, हजारो आवर्तनं टिकते आणि इतर लिथियम बॅटऱ्यांच्या मानानं आग लागण्याची भीती कमी. सोबत लहान सुपरकॅपॅसिटर ठेवला की निघतानाचा आणि ब्रेकचा झटका तो सोसेल. दुसरी कोंडी लागलीच तर नियंत्रकानं ठरलेल्या क्रमानं भार उतरवायचा: आधी एसीचा कॉम्प्रेसर, मग निम्मे दिवे. पंखे, दरवाजे, ब्रेक आणि घोषणा शेवटपर्यंत चालू. असं केलं की ५० किलोवॅटचे ८ उरतात आणि उरलेल्या एका युनिटावर गाडी सात-आठ मिनिटं उभी राहू शकते. पण उभ्या गाडीला पुढच्या थांब्यापर्यंत न्यायला आणखी सव्वा युनिट लागतं. म्हणून साठा दोन युनिटांवर आला की चालकाच्या पडद्यावर लाल सूचना यायला हवी आणि मागच्या गाडीला तेव्हाच अलीकडच्या थांब्यावर रोखायला हवं, म्हणजे गरज पडली तर तिनं पुढे येऊन ढकलायला मध्ये रिक्षा-टेम्पो शिरलेले नसतील.