गोव्याच्या परसातील ‘ब्लीडिंग हार्ट’ वेल

‘ब्लीडिंग हार्ट’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात. त्यांपैकी अफूच्या कुळातील, सायबेरिया, उत्तर चीन, कोरिया आणि जपान येथील बहुवर्षीय रोप हिवाळ्यात जमिनीखाली सुप्त राहते आणि दीर्घ थंडीनंतरच जोमाने फुटते. गोव्याच्या किनारपट्टीवर तशी थंडी पडत नसल्याने त्यासाठी खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या परसात रमते ती पश्चिम आफ्रिकेतून आलेली वेल, क्लेरोडेंड्रम थॉमसोनी. तुळस आणि साग हे तिचे कुळबंधू आहेत. पाकळ्या वाटणारा तिचा पांढरा भाग म्हणजे निदलपुंज (कळीला वेढणारे बाहेरचे आवरण) असून, त्यातून डोकावणारे लाल फूल हाच खरा दलपुंज (पाकळ्यांचा समूह) होय. लाल फूल लवकर गळते, निदलपुंज मात्र गुलाबी छटा घेत बराच काळ टिकून राहतो. या वेलीला कळ्या नव्या फुटव्यांवर येतात. म्हणून बहर ओसरल्यावर न कचरता छाटणी करावी.

छाटलेल्या फांद्यांतूनच नवी रोपे होतात. फार कोवळा शेंडा सडतो, तर जुनाट लाकडाला मुळे उशिरा फुटतात. त्यामुळे दोन-तीन पेरांचा (पाने फुटतात त्या सांध्यांचा), १० ते १५ सेंटिमीटर लांबीचा अर्धपक्व तुकडा निवडावा आणि पेराच्या लगेच खाली तिरकस कापावा. शेंड्याकडील कोवळ्या भागांत तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खाली उतरून कापाजवळ साठते आणि तेथील पेशींना मुळे घडवण्यास प्रवृत्त करते. मात्र मुळे येईपर्यंत पानांतून उडणाऱ्या पाण्याची भरपाई होऊ शकत नसल्याने खालची पाने काढून वरची अर्धी कापावीत.

याबाबतीत गोव्याचा पावसाळा फार मोठा सहायक ठरतो, कारण हवेतील ओलाव्यामुळे कुंडीवर प्लास्टिक झाकण्याची गरज सहसा उरत नाही. पण तोच पाऊस थेट कुंडीत पडला, तर मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात, प्राणवायू संपतो आणि कापलेले टोक कुजते. म्हणून जाड वाळू व काथ्याचा भुसा समप्रमाणात घेऊन कुंड्या पडवीत, पागोळ्यांपासून दूर, पण भरपूर उजेडात ठेवाव्यात. साधारण चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात.

जागेवरच मोठी वेल असेल, तर दाब कलम अधिक खात्रीचे असते. जमिनीलगतची फांदी एका पेरापाशी किंचित खरवडून मातीत दाबावी, वर चिऱ्याचा तुकडा ठेवावा आणि मुळे पक्की झाल्यावरच ती मूळ वेलीपासून कापावी. तोपर्यंत तिला पाणी व अन्न मूळ वेलीकडूनच मिळत राहते.