गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवलं तर खराब होतं?

‘उरलेलं अन्न पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये ठेवू नका, ते नासतं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. बर्फाच्या पेट्या वापरात होत्या तेव्हा त्यात तथ्य होतं, कारण गरम भांड्याने बर्फ वितळायचा. आजच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर थोडा जास्त वेळ चालतो, इतकंच.

अन्न नासतं ते बाहेर राहिल्याने. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. खोल पातेल्यातला भात वरून गार लागतो, पण मध्ये चमचा खुपसून बघा, तासाभरानेही आतून वाफ येते. शिजवूनही तग धरणारे काही जिवाणूंचे बीजाणू अशा कोमट भातात रुजतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून ‘उकळून घेऊ, चालेल’ यावर विसंबू नका.

मात्र उकळतं पातेलं थेट आत सरकवणंही बरं नाही, शेजारचं अन्न तापतं. उथळ डब्यांत पसरा, वाफ गेली की आत ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहून लवकर.

खात्री करायची असेल तर फ्रिजमध्ये पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवा. कोमट डबा ठेवण्याआधी आणि तासाभराने आकडा बघा. तो ५ च्या खालीच राहिला, तर फ्रिजला तो डबा जड गेलेला नाही.